मंडळी उभी करा, पण म्हातारपणाच्या पैशावर नको

प्रश्न: आम्ही मूळचे अहमदनगरचे ख्रिस्ती, आता शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मी ४६ वर्षांचा, आयटीत, पत्नी रुग्णालयात परिचारिका, मुलगी दहावीत. शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल या गरीब वस्तीत कृष्णवर्णीय, मेक्सिकन, गोरे आणि भारतीय एकत्र उपासना करतील अशी मंडळी (चर्च) सुरू करायचं पाचारण आम्हाला झालं आहे. जुन्या कंपनीच्या ४०१ (के) या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात ३ लाख १० हजार डॉलर आहेत. त्यातले दीड लाख काढून एक बंद दुकान विकत घ्यावं आणि मी नोकरी सोडावी का?

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लॉनडेलला जावं असंच मला मनापासून वाटतं. फक्त या पैशाने नको, आणि लगेच नोकरी सोडून नको.

साडेएकोणसाठच्या आत ही रक्कम काढली की १० टक्के दंड, म्हणजे १५ हजार. शिवाय दीड लाख तुमच्या दोघांच्या पगारात मिळवले जातील आणि त्यांवर केंद्राचा आयकर साधारण ३५ हजार बसेल. हाती उरले लाखभर. ते मंडळीला दान दिलेत तर वजावटीने कराचा काही भाग वाचेल, दंड मात्र भरावाच लागेल. तेच दीड लाख जागेवर ठेवले आणि वर्षाला ६ टक्के वाढले, तर तुमच्या ६६व्या वर्षी ४ लाख ८० हजारांच्या आसपास होतील. आणि मंडळीच्या नावावर गेलेली मालमत्ता पुन्हा संस्थापकाच्या खिशात येत नाही. मंडळी बंद पडली तरी ती दुसऱ्या धर्मादाय कामालाच जाते.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जागा तुमच्या पैशाची, पाळक (पास्टर) तुम्ही, विजेचं बिल भरणार तुम्ही. मग शेजारची कृष्णवर्णीय आजी कितीही प्रेमाने आली तरी ती पाहुणीच राहणार. माणसं सगळ्या वर्णांची आणि तिजोरीची किल्ली एकाच घरात, अशा मंडळीला मी मिश्र म्हणणार नाही. नॉर्थ लॉनडेलमध्ये तर हे फारच जपायला हवं. १९५० आणि ६०च्या दशकांत कृष्णवर्णीयांना तिथे बँकेचं कर्ज जवळजवळ मिळतच नसे. दलालांकडून फुगवलेल्या किमतीला, करारावर घरं घ्यावी लागत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी नाही, हप्ता चुकला की घर आणि भरलेले पैसे दोन्ही गेले. १९६८ मध्ये तिथल्या लोकांनी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ काढून लढा दिला. बाहेरून आलेला माणूस जागा कोणाच्या नावावर करतो, हे ती वस्ती बघणारच.

वेन गॉर्डन हे गोरे शिक्षक १९७५ मध्ये याच वस्तीत राहायला आले. फॅरागट हायस्कूलमध्ये शिकवायचे, मुलांना फुटबॉल शिकवायचे. त्या मुलांबरोबरच्या बायबल अभ्यासातून १९७८ मध्ये लॉनडेल कम्युनिटी चर्च सुरू झालं. मंडळीचा दवाखाना १९८४ मध्ये आला. पगार आणि शेजार आधी होता.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही आठवा. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, सभासदांनी दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं आणि मग १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठीचं शारदा सदन उघडलं. वचनं आधी, सदन नंतर.

म्हणून आधी तिथल्याच एखाद्या जुन्या मंडळीत जा, तिथल्या पाळकांच्या हाताखाली सेवा करा, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, तिथेच द्या. नंतर दर रविवारी काही तासांसाठी सभागृह भाड्याने घ्या. तीन वर्षांच्या देणगीची लेखी वचनं गोळा करा. निम्मी तरी वस्तीतल्या कुटुंबांची हवीत, महिन्याला दहा डॉलर का असेनात. खजिनदार वस्तीतला, धनादेशावर दोन सह्या. कर्जाला स्वतःची जामीनकी देऊ नका, घरही गहाण टाकू नका. पत्नीची नोकरी आणि तिचा आरोग्यविमा यांना हात लावू नका. पुढे पाळक म्हणून मानधन घ्याल तेव्हा सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा) यांचे १५.३ टक्के तुम्हालाच भरावे लागतील. पाळकाला मिळणारा घरभाडे भत्ता आयकरातून सुटतो, या १५.३ टक्क्यांतून सुटत नाही.

मुलगी कॉलेजला जाईपर्यंत ही वचनं तुमच्या निम्म्या पगाराइतकी झाली, तर मला पुन्हा लिहा. नोकरी सोडण्याचा हिशेब तेव्हा मी आनंदाने मांडून देईन.