धंदे बदलणार असतील तर कारखान्यांनी आणि कामगारांनी आतापासून काय करावं?

तुमचा प्रश्न असा, की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत धंद्यांचं स्वरूप पालटणार असेल तर कंपन्यांनी आणि तिथल्या माणसांनी तयारी कशी करायची, आणि जळगाव-धुळ्याकडच्या लहान कारखान्यांना यातलं काही लागू पडतं का. मी जळगावात एका डाळ मिलमध्ये मशिनरीची देखभाल पाहतो. माझ्या मते मोठ्या कंपन्यांपेक्षा आपल्याकडे हे जास्त लागू पडतं.

कंपनी टिकली म्हणजे कामगार टिकला, असं धरून चालू नका. विप्रो 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तूप बनवायला निघाली आणि 1980 च्या सुमारास संगणकाच्या धंद्यात उतरली. आपल्याकडच्या प्रत्येक भाषणात हा दाखला येतो. पण संगणकाचं काम बंगळुरूला, वेगळं शिक्षण घेतलेल्या माणसांवर उभं राहिलं. त्यामुळे मला जळगावच्या जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांचा मार्ग जास्त शिकण्यासारखा वाटतो. केरोसीनचा व्यापार, 1978 मध्ये केळी पावडरचा कारखाना घेऊन तिथे पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम, मग पीव्हीसी पाईप, मग ठिबक. पाईप घेणारा शेतकरीच ठिबकचा गिऱ्हाईक झाला. पाईप विकताना शेतात फिरून मिळालेली जाण पुढच्या धंद्यात कामी आली. नवीन काही आणायचं असेल तर मालकाने आधी हे पाहावं, की आपल्या माणसांना आज जे येतं त्यातलं पुढे काय नेता येईल.

आमच्या धंद्यातलं सांगतो. पूर्वी डाळीतले डागी दाणे, खडे आणि किडकी डाळ बायका बसून निवडायच्या. मग सॉर्टेक्स आलं. कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो आणि रंग वेगळा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. बहुतेक ठिकाणी मशीन बसलं आणि निवडणाऱ्या बायकांचं काम त्याच हंगामात गेलं. मशीन मात्र आपणहून शहाणं नसतं. सेटिंग कडक ठेवलं तर चांगली डाळ रिजेक्टमध्ये जाते आणि तो माल चुनीच्या, म्हणजे गुरांना घालायच्या डाळीच्या चुऱ्याच्या, भावाने विकावा लागतो. ढिलं ठेवलं तर व्यापारी गोणी परत पाठवतो. कोणता डाग बाजारात चालतो आणि कोणता चालत नाही, हे ज्यांच्या बोटांना ठाऊक होतं त्यांनाच आपण घरी पाठवलं. आमच्याकडे त्यातल्या काही जणींना रिजेक्टचा माल तपासायला बसवलं. पुढे त्या सेटिंग किती हलवायचं हे ऑपरेटरला सांगू लागल्या, आणि ऑपरेटर त्यांचं ऐकतो. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून स्क्रीनवरच्या बटणांना मराठी चिठ्ठ्या लावल्या. एवढ्याने काम भागलं. सगळ्यांना ठेवता आलं नाही, याची खंत मला आजही आहे.

मोठ्या प्रमाणावर हेच वीज क्षेत्रात दिसेल. महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीज कंपनीचं भुसावळजवळचं दीपनगर वीज केंद्र कोळशावर चालतं, आणि त्याच कंपनीने साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला आहे. स्विचयार्ड, ट्रान्सफॉर्मर, रिले अशी विजेची उपकरणं सांभाळणारा माणूस थोड्या प्रशिक्षणावर तिकडे काम करू शकतो. कोळसा हाताळणी, बॉयलर, राख या कामांना मात्र सौर प्रकल्पात जागाच नाही. अशा कामांवर बरीच माणसं ठेकेदाराकडची असतात आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावं सहसा नसतात. बदलाची योजना खरी की कागदी, हे मी याच यादीवरून ठरवतो.

कायद्यावर किती विसंबायचं? औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने 15 दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि तो कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा. पंधरा दिवसांच्या पगारात कोणी वेल्डरचा पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा छोटा संगणक) तंत्रज्ञ होत नाही. माणूस गेल्यावर शिकवायला निघणं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. शिक्षण नोकरीत असताना, पगारी वेळेत व्हायला हवं. ड्युटी संपल्यावर यावल किंवा धरणगावची एसटी पकडणाऱ्या माणसाला संध्याकाळचा वर्ग परवडत नाही.

लहान मालकाला मी एवढंच सुचवतो: मशीनची ऑर्डर दिली त्याच दिवशी कामगारांना सांगा. पुरवठादाराशी बोलतानाच प्रशिक्षणाचे दिवस कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि त्याचा इंजिनिअर मशीन बसवायला येईल तेव्हा तुमची दोन-तीन माणसं दिवसभर त्याच्यासोबत ठेवा. त्यातलं एक वयाने मोठं, मालाची पारख असलेलं असू द्या. तरुण पोरगं स्क्रीन लवकर शिकतं, पण माल बिघडतोय हे त्याला उशिरा कळतं.

आणि तुम्ही स्वतः कामगार असाल तर हुद्द्याचा विचार बाजूला ठेवून एक कागद घ्या. रोज नेमकं काय करता, त्यातलं मशीन काय करू शकेल आणि मशीन अडलं की कोणाला हाक मारतात, ते लिहा. त्या हाकेचं काम आधी शिकून घ्या. जवळच्या आयटीआयमध्ये कोणते अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालू आहेत ते विचारा, आणि सुपरवायझरला स्पष्ट विचारा की पुढच्या हंगामात कोणतं मशीन येतंय. तुम्ही नेमके कोणत्या धंद्यात आहात ते कळवलंत तर त्याबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं नक्की लिहीन.