कंपाईल संपतच नाही! जेंटूविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

ग्वाल्हेरमधली बरीच मुलं हल्ली जेंटू ही लिनक्स प्रणाली बसवतात, म्हणजे प्रत्येक पॅकेज (एकेक सॉफ्टवेअर) सोर्सपासून, मूळ कोड घेऊन, आपल्याच मशीनवर कंपाईल करतात, म्हणजे चालण्याजोगं बनवतात. प्रश्न येतात ते मात्र तेच ते. म्हणून एकदाच सविस्तर उत्तरं देतो.

प्रश्न : इन्स्टॉल करायला तीन दिवस लागतात असं मित्र सांगतो. खरं का? (दौलतगंज)

नाही. पूर्वी अगदी कंपायलरपासून सगळं घडवायचे, तेव्हाची ती ऐकीव गोष्ट आहे. आज ‘स्टेज ३’ ही तयार फाइल उतरवली की कंपायलरसकट मूळ प्रणाली तयार मिळते. वेळ खातात ते डेस्कटॉप आणि ब्राउझर.

प्रश्न : मध्येच वीज गेली तर सगळं पहिल्यापासून? (हजीरा)

नाही. ‘इमर्ज’ ही जेंटूची पॅकेजं बसवायची आज्ञा, तीच ‘इमर्ज --रिझ्यूम’ अशी द्या. अर्धवट राहिलेलं पॅकेज तेवढं पुन्हा सुरू होईल.

प्रश्न : लॅपटॉपला १६ थ्रेड (प्रोसेसर एका वेळी चालवतो ती कामं) आणि ८ जीबी रॅम आहे. व्हिडिओत पाहून मेकऑप्ट्स या कंपाईलच्या सेटिंगमध्ये ‘-जे३२’ टाकलं. रात्री लावलं, सकाळी मशीन गोठलेलं आणि शेवटी ‘किल्ड’ एवढंच लिहिलेलं. कंपायलर खराब आहे का? (लष्कर)

कंपायलर ठणठणीत आहे. तुम्ही मेमरी संपवलीत. या आकड्याविषयी मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण व्हिडिओवाले तो बेधडक सांगतात आणि स्वतःच्या मशीनमध्ये रॅम किती, हे सांगत नाहीत.

‘-जे’ म्हणजे एका वेळी किती फाइली कंपाईल करायच्या. जेंटूच्या हँडबुकात नियम स्पष्ट आहे: प्रत्येक कामामागे साधारण २ जीबी रॅम धरा. थ्रेडची संख्या आणि रॅमचा निम्मा आकडा यांतला जो लहान, तो घ्या. तुमच्याकडे तो ४ येतो. डेस्कटॉप चालू ठेवून काम करणार असाल तर ३. सी++ची मोठी फाइल एकटीच गिगाबाइटच्या वर मेमरी घेते. अशा ३२ एकदम सुटल्या की मशीन स्वॅपमध्ये जातं, म्हणजे रॅमऐवजी डिस्क वापरू लागतं, डिस्क नुसती घासत राहते आणि शेवटी कर्नल (प्रणालीचा गाभा) स्वतःच एखादी प्रक्रिया मारून टाकतो. तोच तुमचा ‘किल्ड’. म्हणजे वेग वाढवायला गेलात आणि रात्र वाया गेली.

त्यात एका वेळी चार पॅकेजं घेणारं ‘इमर्ज --जॉब्स=४’ दिलं असेल तर हिशेब गुणाकाराने वाढतो: चार पॅकेजं, प्रत्येकाची चार कामं, मिळून सोळा. मशीनवरच्या भाराला मर्यादा घालणारं ‘--लोड-ॲव्हरेज’ लावून त्याला आवर घाला. कंपाईलची तात्पुरती जागा टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममधल्या डिस्कवर, नेली असेल तर तीही रॅममधूनच जाते, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो आणि तुम्ही लॅपटॉप गादीवर ठेवून रात्रभर कंपाईल लावता! प्रोसेसर तापला की आपणहून वेग उतरवतो, मग कितीही थ्रेड असोत. ‘सेन्सर्स’ चालवून तापमान बघा, लॅपटॉप टेबलावर ठेवा, पंख्यातली धूळ काढून घ्या. आणि आकडा कमी करूनही दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कंपायलर कोसळत असेल तर रॅमवर संशय घ्या. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा आणि निकाल घेऊन हार्डवेअरच्या जाणकाराकडे जा. एकाच ठिकाणी अडत असेल तर दोष बहुधा पॅकेजचा किंवा तुमच्या सेटिंगचा. मग पूर्ण बिल्ड लॉग (कंपाईलची नोंद) जाणकाराला दाखवा. शेवटच्या दोन ओळींच्या फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, महागडी एसएसडी घेतली की कंपाईल दुप्पट वेगाने होईल. (मुरार)

त्याला विकायची आहे. कंपाईलचा वेळ मुख्यतः प्रोसेसरवर जातो. पैसे घालायचेच असतील तर आधी रॅम. पण तुमच्या मॉडेलमध्ये ती वाढवता येते का, हे लॅपटॉप उघडणाऱ्याला विचारल्याशिवाय खरेदी करू नका.

प्रश्न : ‘-ओ३’ आणि आणखी दहा फ्लॅगांची (कंपायलरला द्यायच्या सूचनांची) ओळ मिळाली आहे. टाकू? (शिंदे की छावणी)

नको. वेगासाठी ‘-ओ२’ आणि आपल्या प्रोसेसरसाठी ‘-मार्च=नेटिव्ह’ पुरे. ‘-ओ३’ने उलट कंपाईलचा वेळ वाढू शकतो. ‘फास्ट-मॅथ’सारखा फ्लॅग सगळ्या प्रणालीला लावला तर गणितं चुकू शकतात.

प्रश्न : क्रोमियम ब्राउझरचं कंपाईल तासन्‌तास चालतं. पर्याय? (लष्कर)

फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि रस्ट यांची ‘-बिन’ पॅकेजं, म्हणजे आधीच कंपाईल केलेली, आहेत, ती घ्या. शिवाय २९ डिसेंबर २०२३ला जेंटूने स्वतःच तयार बायनरी पॅकेजं देण्याची घोषणा केली, ‘--गेटबिनपीकेजी’ लावा. तुमचे यूझ फ्लॅग (पॅकेजमध्ये कोणत्या सोयी हव्यात त्या निवडी) जुळले नाहीत तर मात्र कंपाईलच होईल. आधी ‘--प्रिटेंड’ देऊन, काहीही न बसवता, यादी बघा.

प्रश्न : वेळ जातो म्हणून दोन वर्षं अपडेटच केलं नाही. आता करू का? (मुरार)

इतकं थांबायला नको होतं. दर आठवड्याला केलं असतं तर बहुतेक वेळा थोडक्यात आटपलं असतं. मार्च २०२४मध्ये २३.० प्रोफाइल, म्हणजे प्रणालीच्या मूळ सेटिंगचा नवा संच, आलं. ते बदलायच्या पायऱ्या क्रमानेच कराव्या लागतात. आधी बॅकअप घ्या, मग ‘इसिलेक्ट न्यूज रीड’ देऊन जेंटूच्या सूचना वाचा. तुम्ही अजून जुन्या प्रोफाइलवर असाल तर एकट्याने हात घालू नका, हे आधी केलेल्या माणसाला शेजारी बसवा.