महाभारतावर फॅन फिक्शन लिहायची आहे. देवाचं मूल असलेलं नवं पात्र कसं तयार करू? त्याला कोणत्या शक्ती आणि कोणतं शस्त्र द्यावं?

शक्ती सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ते मूल कोणाच्या घरात वाढलं ते ठरवा. कर्ण सूर्याचा मुलगा हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण त्याची कथा उभी राहते ती अधिरथ-राधेच्या घरामुळे. सत्यवतीचं बघा. आई अद्रिका अप्सरा, बाप उपरिचर वसू राजा. जुळं झालं. राजाने मुलगा ठेवून घेतला आणि मुलगी कोळ्याला देऊन टाकली. अप्सरेच्या लेकीच्या वाट्याला काय आलं, तर अंगाला माशाचा वास आणि हातात वल्हं. पुढे अख्खा कुरुवंश त्या कोळ्याने हिच्या लग्नासाठी घातलेल्या एका अटीवर फिरला.

हे इतक्या तावातावाने सांगतेय, कारण याच गोष्टीवरून माझं एका ऑनलाइन लेखनगटाशी वाजलं होतं. मी तिथे वायूच्या मुलीची कथा क्रमशः टाकत होते. ती एकचक्रा नगरीच्या शिवारात राहते. पांडव तिथे ब्राह्मणाच्या घरी वेश पालटून राहिलेत, भिक्षेवर जगतायत, तोच काळ. बाप कोण ते तिला माहीत नाही. आईची पाठ वाकलेली आहे, पण ती कशाने वाकली हे मी कथेत कुठेच सांगितलं नाही. रामायणाच्या बालकांडात कुशनाभ राजाच्या शंभर मुलींनी वायूला नकार दिला म्हणून त्याने त्यांना कुबड्या करून टाकलं, हे ज्याने वाचलंय त्याला ते एका ओळीत कळतं. तुम्हीही देव निवडाल तेव्हा त्याची स्तोत्रं बाजूला ठेवा आणि त्याने केलेले अन्याय आधी वाचा.

या मुलीची शक्ती एवढीच, की वारा पडला की तिला खळ्यावर बोलावतात. ती तिवईवर चढते, सूप डोक्याच्या वर धरते, थोडं तिरकं करून हलवत राहते. भूस पलीकडे उडतं आणि दाणे सरळ पायाशी पडतात. माझ्या आजोळी मी उफणणी पाहिलीय. वारा पडला की मोठी माणसंसुद्धा भरली सुपं खाली ठेवून झाडाच्या शेंड्याकडे बघत बसतात, एखादं पान हलतंय का म्हणून. अशा गावाला वायूची मुलगी किती मोलाची असेल! पण तिने इकडे वारा आणला की शेजारच्या खळ्यावरचा पडतो. म्हणजे दर सुगीला अर्धं गाव तिच्या पाया पडणार आणि अर्धं गाव तिच्या आईला शिव्या घालणार. मला ती गोष्ट लिहायची होती.

गटाच्या चालकांना ती नको होती. ‘वायूची मुलगी, आणि काम काय तर उफणणी? भीमाशी गदायुद्ध लावा, शेवटी भावा-बहिणीची ओळख पटू द्या, वाचक वाढतील.’ मी नाही म्हटलं. मग म्हणे, देवांना मुलगेच होतात, मुली महाभारतात बसत नाहीत. मी तपतीचं नाव घेतलं. सूर्याची मुलगी, संवरणाची राणी, आणि ज्याच्यावरून कौरव हे नाव पडलं त्या कुरूची आई. अंगारपर्ण गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणतो ते तिच्यामुळेच. यावर काही उत्तर नाही. मग तिसरा मुद्दा निघाला, व्यासांनी न लिहिलेलं पात्र घुसवणं हे पाप. मी विचारलं, मग घटोत्कचाचा मुलगा म्हणून सांगतात त्या बर्बरिकाचं काय करायचं? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तो नाही. तो येतो स्कंदपुराणातून, आणि राजस्थानात लोक खाटूश्याम म्हणून त्याची पूजा करतात. यानंतर माझी कथा गटावरून काढून टाकली गेली.

माझं म्हणणं आजही तेच आहे. बकासुराकडे गाडीभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा असा त्या नगरीचा नेम होता. माझ्या कथेत त्या गाडीतल्या भाताचं धान्य हिने उफणलेलं आहे. दर पाळीला तेच, आणि गाडी थांबवण्याइतका वारा तिच्याकडे नाही. एक दिवस भीम बकासमोर मांडी ठोकून तोच भात खातो. बहिणीच्या हातचं अन्न खाल्लं हे त्याला कळत नाही, तिलाही कळत नाही, फक्त वाचकाला कळतं. तिथे गदा आणली असती तर सगळं मातीत गेलं असतं.

तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. देव माणसापर्यंत आला कसा, याला महाभारतात बहुतेक ठिकाणी काहीतरी कारण असतं: दुर्वासाने कुंतीला दिलेला मंत्र, वसूंना वसिष्ठाचा शाप, कोणाचं तप मोडायला इंद्राने धाडलेली अप्सरा. तसं कारण तुमच्याकडे हवंच. शक्तीला मर्यादा द्या आणि ती मर्यादा नको त्या वेळी आडवी येऊ द्या. कर्णाला इंद्राकडून मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणार होती. अर्जुनासाठी राखलेली ती घटोत्कचावर खर्च झाली, आणि तिथेच कर्णाचं मरण ठरलं.

ग्रीक पुराणांवर लिहीत असाल तर मंत्राबिंत्राची गरज नाही, झ्यूस मनात येईल तेव्हा येतो. पण तिथेही त्याला स्वतःच्या मुलाला, सार्पेडॉनला, ट्रॉयच्या रणात वाचवता आलं नाही. आणि युद्ध लिहूच नका असं मी म्हणत नाही. तुमचं पात्र क्षत्रियाच्या घरी वाढलं असेल तर खुशाल धनुष्य द्या. माझं पात्र शेतकऱ्याच्या घरातलं आहे, म्हणून त्याच्या हातात सूप.

नावाचाही विचार करा. कर्णाला राधेय म्हणणारे वेगळे आणि सूतपुत्र म्हणणारे वेगळे. माझ्या मुलीला गाव आईच्या नावाने हाक मारतं. चालकांनी तेही बदलून ‘वायुकन्या’ करायला सांगितलं होतं. मी बदललं नाही. कथा आता दुसरीकडे पहिल्या भागापासून पुन्हा टाकतेय, उफणणीसकट.