बेल आपोआप वाजते?

दाराची वायरलेस बेल कुणी न दाबताच वाजते म्हणतोस? अरे, भूतबीत नाही, शेजाऱ्यांच्या बेलचं बटण आहे! ठाण्यात आमच्याकडेही हेच. दोनदा दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघत उभा राहिलो.

टीव्हीच्या रिमोटवर संशय घेऊ नकोस, त्याचे इन्फ्रारेड किरण भिंतीतून जात नाहीत. स्वस्तातल्या वायरलेस बेल मात्र बऱ्याचदा ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. त्या लहरी विटांच्या भिंतीतूनही आरपार जातात. आधी शेजारच्या काकूंना त्यांचं बटण दाबायला सांग आणि तू आत ऐक. वाजली, तर तुझ्या रिसीव्हरने, म्हणजे घरातल्या वाजणाऱ्या डबीने, त्यांच्या बटणाचा कोड धरलाय. माहितीपत्रक बघून जुनी जोडणी पुसून टाक, मग फक्त आपलंच बटण जोड. त्या वेळी काकूंना बेलला हात लावू देऊ नकोस, नाहीतर पुन्हा तेच! जुन्या मॉडेलमध्ये आत छोटे जंपर असतात, म्हणजे कोड ठरवणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पिनांवरच्या टोप्या. ते बटणात आणि रिसीव्हरमध्ये सारखेच बदलायचे.