जुन्या डॉक्टरी आठवणींतले ‘ग्रेन’ म्हणजे किती?

‘क्विनाइन 5 ग्रेन’ म्हणजे साधारण 325 मिलिग्रॅम, म्हणजे आजच्या 300च्या गोळीहून थोडं जास्त. 1 ग्रेन 64.8 मिलिग्रॅमचा, आपला इंग्रजी अमदानीतला तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे 12 माशांचा होता, त्यामुळे 5 ग्रेन म्हणजे तिसरा हिस्सा मासा. मिरजेच्या मिशन दवाखान्याच्या काळातली पुस्तकं भाषांतरित करताना घोळ होतो तो ‘जी-आर’ (gr) या संक्षेपात. तो ग्रेनचा, ग्रॅमचा नव्हे. चुकलात तर डोस थेट पंधरापट! आकडाही बहुधा रोमन असतो आणि संक्षेपाच्या नंतर येतो. इंग्रजी तिनासारखी खूण ड्रामची (60 ग्रेन), तिच्या डोक्यावर आणखी एक वळसा असला की औंस. औंसापाशी मात्र लेखक कुठे शिकला ते बघाच. 1864 नंतरच्या ब्रिटिश औषधसंहितेत औंस 437.5 ग्रेनचा, अमेरिकी औषधी औंस 480चा. आणि 1894 साली मिरजेचं रुग्णालय उभारणारे डॉ. वान्लेस न्यूयॉर्कला शिकलेले. पातळ औषधाचा औंसही दोन्हीकडे वेगळा, 28.4 आणि 29.6 मिलिलिटर. भाषांतरात मूळ माप तसंच ठेवून मिलिग्रॅम तळटीपेत द्या.