अंधारातलं रोप रिकामं बसलेलं नसतं

अगं, तुझा मेसेज वाचला. फायटोक्रोमचा, म्हणजे रोपाला उजेड ओळखून देणाऱ्या प्रोटीनचा, पाथवे पाठ होत नाही, आकृतीतल्या पिफ, कॉप-1, एचवाय5 या प्रोटीन्समधल्या सगळ्या बाणांचा गुंता होतो म्हणतेस, आणि बी रुजवायचा रेड-फार-रेडचा प्रयोग कसा लावायचा तेही विचारतेस. पाथवे पाठ करूच नकोस. त्यातले निम्मे बाण "थांबवतो" असे का आहेत एवढं एकदा डोक्यात बसलं ना की बाकीचं येतं मागोमाग.

आपण सगळे धरून चालतो की अंधारात बी नुसतं पडून असतं आणि उजेड आला की कामाला लागतं. तसं नाहीये. नवरात्रात घटात पेरलेलं धान आठव, देवघराच्या कोपऱ्यातलं, पिवळट, लुसलुशीत आणि नऊ दिवसांत वीतभर वाढलेलं. आपण म्हणतो उजेड नाही म्हणून अशक्त झालं, पण खरं तर ते अजून मातीखालीच आहे अशा हिशोबाने दाण्यातली सगळी शिल्लक उंची गाठण्यात घालत असतं. हा पद्धतशीर प्रोग्रॅम आहे, आणि तो चालवणारी प्रोटीन्स, म्हणजे पिफ, अंधारात साठून राहतात. कॉप-1 पण त्यांच्याच बाजूचा. उजेडात लागणारा एचवाय5 तयार झाला रे झाला की हा त्याला युबिक्विटिनचा, म्हणजे "हे मोडा" असं सांगणाऱ्या छोट्या प्रोटीनचा, टॅग लावून प्रोटिअझोमकडे, पेशीतल्या प्रोटीन मोडणाऱ्या यंत्राकडे, पाठवतो, मोडीत.

आता फायटोक्रोम काय करतो ते बघ. त्याच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला एक बिलिन, म्हणजे उजेड शोषणारा रंगीत रेणू, चिकटलेला असतो, चार रिंगा एका ओळीत, हीम (हिमोग्लोबिनमधला तोच) तोडून बनलेला. 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल फोटॉन त्याने शोषला की 15 आणि 16 नंबरच्या कार्बनमधला डबल बॉन्ड फिरतो, शेवटची रिंग पलटते आणि त्यामुळे प्रोटीनचा आकारच बदलतो. हे झालं पीएफआर, म्हणजे फायटोक्रोमचं जागं रूप. ते न्यूक्लियसमध्ये जातं, पिफला धरतं, पिफवर फॉस्फेट लागतात, मग युबिक्विटिन, आणि काही मिनिटांत पिफ गायब. तिकडे कॉप-1 पण थंडावतो, एचवाय5 साठायला लागतो. म्हणजे उजेडाचं पहिलं काम काही सुरू करणं नाहीच, चालू असलेलं बंद करणं आहे. पटत नसेल तर म्युटंट बघ: अरॅबिडॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपात, कॉप-1 बिघडवला, किंवा चार पिफ एकदम काढून टाकले, तर रोप ठार अंधारातसुद्धा बुटकं राहून पानं उघडतं, उजेड पडलाय असं समजून.

रिव्ह्यू वाचण्याआधी 1952 चा अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या शेती संशोधन केंद्राचा पेपर वाच, बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि मंडळींचा. लेट्यूसचं बी, त्यावर रेड, मग फार-रेड (730 नॅनोमीटरच्या आसपासचा, लालच्या पलीकडचा उजेड), परत रेड, असं आलटून पालटून. शेवटचा फ्लॅश रेड असेल तर 70-80 टक्के बी रुजतं आणि शेवटचा फार-रेड असेल तर 6-7 टक्के, मधे कितीही वेळा उलटसुलट करा. प्रोटीन हातात नसताना, नुसतं बी मोजून, या लोकांनी ओळखलं की एकच रंगद्रव्य दोन रूपांत फिरतंय. मला विचारशील तर या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच.

आणि हे मागे-पुढे फिरणं नुसतं प्रयोगशाळेतलं नाही हं. वरच्या झाडाची पानं लाल खाऊन टाकतात आणि फार-रेड खाली सोडतात, त्यामुळे सावलीतल्या रोपात पीएफआर कमी होतो, पिफ परत वाढतात, रोप शेजाऱ्याच्या वर डोकं काढायला उंच सुटतं. दाट पेरलेली मेथी किडकिडीत होते त्यात हाही भाग असतो. शिवाय पीएफआर अंधारात आपोआपही जुन्या रूपात परततो आणि उष्णतेत ते जास्त वेगाने होतं, म्हणून 2016 मध्ये दोन पेपर आले की फायटोक्रोम-बी (फायटोक्रोमचा एक प्रकार) तापमानही ओळखतो. तेव्हा प्रयोगाच्या रूमचं तापमान रोज लिहून ठेव, एसी बंद पडला की तुझा डेटा पण हलणार.

क्रिप्टोक्रोम, फोटोट्रोपिन, यूव्हीआर8 वगैरे उजेड ओळखणारी बाकीची प्रोटीन्स आत्ता बाजूला ठेव. निळा आणि यूव्ही नंतर.

प्रयोगाचं म्हणशील तर सगळा जीव अंधाराच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी पूर्ण अंधारात ठेवलेल्या डिशमध्ये, आहे, आणि लोक नेमका तिथेच आळस करतात. डिशला फॉईलचे दोन थर, वर काळं कापड, मोबाईल बाहेर. फायटोक्रोम-ए हा दुसरा प्रकार इतका संवेदनशील आहे की एका नोटिफिकेशनच्या उजेडाने सुद्धा घोळ होऊ शकतो. अंधारात काम करताना लावतात तो हिरवा सेफ-लाईट पूर्ण सेफ नसतो, फायटोक्रोम थोडा हिरवाही शोषतो, त्यामुळे अगदी मंद ठेव आणि काम पटकन उरक. बी पाण्यात टाकल्यापासून पहिला फ्लॅश देईपर्यंत प्रत्येक वेळी तेवढाच वेळ जाऊ दे, नाहीतर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत.

एलईडी मागवताना फार-रेड म्हणून 730 नॅनोमीटरचाच माग. सीसीटीव्हीतला 850 वाला स्वस्त मिळतो पण फायटोक्रोमला त्याचा उपयोग शून्य. आणि 730 चा लावलास की डोळ्याला जेमतेम मळकट लाल दिसेल, जळालाय समजून परत पाठवू नकोस.