तडा पुन्हा वेल्डच्या कडेलाच का?

प्रश्न : 12 मिमी पोलादी प्लेटवर दोन्ही बाजूंनी फिलेट वेल्ड (काटकोनी कोपऱ्यात भरलेला वेल्ड) मारून आडवा स्टिफनर (प्लेट ताठ ठेवणारी पट्टी) बसवला आहे. सततच्या कंपनांनी वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये तडा जातो. वेल्ड जाड केला, जास्त ताकदीचे पोलाद वापरले, तरी तेच. ग्राइंडिंग करावे की पीनिंग, म्हणजे हातोडीने ठोकून पृष्ठभाग दाबणे?

उत्तर : वेल्ड प्लेटला मिळतो ती कड, म्हणजे टो, हेच दुखणे आहे. तिथे आकार एकदम बदलतो, म्हणून ताण एकवटतो. वेल्ड थंड होताना आक्रसल्याने ओढताणही अडकून राहतो. त्यातच स्लॅगच्या (वेल्डिंगच्या मळीच्या) 0.1 ते 0.4 मिमी खोल खाचा असतात, म्हणजे तडा जणू आधीच पडलेला. पुढे तो वाढण्याचा वेग सगळ्या पोलादांत जवळपास सारखाच, म्हणून भारी पोलादाने काही साधले नाही.

आधी डाय पेनिट्रंटने, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगद्रवाने तपासा. तडा असलेल्या जागी पीनिंग केले तर तो फक्त झाकला जातो. तडा पूर्ण काढून, पुन्हा वेल्ड करून मगच पुढचे.

तुमच्यासाठी बर ग्राइंडिंग, म्हणजे बर या छोट्या फिरत्या कातणाऱ्या टोकाने घासणे, बरे. कार्बाइडचा गोल टोकाचा, 10–12 मिमी व्यासाचा बर डाय ग्राइंडरला लावा आणि टोच्या रेषेवरून सावकाश फिरवा. दिसणाऱ्या अंडरकटच्या (वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये पडलेल्या खळगीच्या) तळाखाली किमान 0.5 मिमी जायलाच हवे. खाचा तिथेच असतात, नुसती चकाकी आणून उपयोग नाही. एकूण खोली मात्र 2 मिमी किंवा जाडीच्या 7 टक्के, यांतले जे कमी ते, तुमच्याकडे 0.8 मिमी. अंडरकट त्यात बसत नसेल तर आधी वेल्डने भरा. डिस्क ग्राइंडर टाळा. त्याचे ओरखडे टोला समांतर, म्हणजे ताणाला आडवे पडतात आणि तिथूनच नवा तडा निघतो. शेवटी रंग द्या, गंजाच्या खड्ड्यांनी सगळी मेहनत फुकट जाते.

नीट केल्यास सोसवणारा ताणपल्ला (कमाल व किमान ताणातला फरक) सुमारे 1.3 पट होतो. त्याच ताणपल्ल्यावर आयुष्य 1.3 चा घन, म्हणजे साधारण 2.2 पट.

हातोडी पीनिंगने टोजवळ दाबताण (दाबणारा ताण) बसतो आणि मजबूत पोलादात फायदा जास्त मिळतो. पण किमान ताण कमाल ताणाच्या निम्म्याहून अधिक राहत असेल, किंवा अधूनमधून मोठा दाबभार येत असेल, तर तो दाबताण टिकत नाही.

प्रश्न : तडा रूटमधून (वेल्डच्या आतल्या मुळातून) निघत असेल तर?

उत्तर : मग टोवर काहीही करून उपयोग नाही. पेनिट्रेशन (वेल्ड धातूत किती खोल शिरतो ते) किंवा वेल्डचा थ्रोट (मुळापासून पृष्ठभागापर्यंतची जाडी) वाढवा.